कोणती पेशी बोलली, हे कोणी ठरवले?



मधल्या सुट्टीत शाळेतल्या शिक्षकखोलीचे दार लावून आत बसले, की बाहेरचा गलका भिंतीतून ऐकू येतो. मुले दिसत नाहीत, पण सरावलेल्या शिक्षकाला काही आवाज ओळखता येतात. हा घोगरा आवाज अमक्याचा, ही किंकाळी तमकीची. आता समजा, शाळेत एकदम तीनशे नवी मुले आली आणि एकाच आवाजाची दोन भावंडे शेजारी शेजारी उभी राहून ओरडू लागली. मग शिक्षक चुकतील. एकाचे ओरडणे दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि शिक्षाही भलत्यालाच होईल!

मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांसमोर नेमकी हीच अडचण आहे. ती ते कशी सोडवतात, हे तर मी सांगणारच आहे. पण त्याबरोबर माझे एक मतही मांडणार आहे. ते असे की, हा आवाज कोणाचा हे ज्या नियमाने ठरते, तो नियम सर्वांना वाचता आला पाहिजे. तो पेटीत कुलूपबंद असेल, तर त्यातून निघालेल्या निष्कर्षाला विज्ञान म्हणताना आपण दहा वेळा विचार करावा.

प्रथम आवाज म्हणजे काय ते पाहू.

आपल्या मेंदूतील चेतापेशी एकमेकींना विजेच्या छोट्या स्पंदांनी निरोप धाडतात. एक स्पंद साधारण एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग टिकतो. केंब्रिजचे एडगर एड्रियन यांनी १९२६ च्या सुमारास एकेका चेतातंतूतील असे स्पंद वेगळे करून नोंदवले. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या बाहेर, पण तिच्या अगदी जवळ, बारीक धातूचे टोक नेऊन ठेवले की हा स्पंद पकडता येतो. अशा टोकाला इलेक्ट्रोड म्हणतात. पण त्याला मिळणारा विद्युतदाब किती? काही दशके ते काही शतके मायक्रोव्होल्ट एवढाच. तुमच्या विजेरीतला घट दीड व्होल्टचा असतो. शंभर मायक्रोव्होल्ट म्हणजे त्याचा पंधरा हजारावा भाग!

शिवाय इलेक्ट्रोडभोवती एकच पेशी नसते. शेजारपाजारच्या अनेक पेशींचे स्पंद त्याच टोकाला येऊन धडकतात. म्हणून १९८३ साली ब्रूस मॅकनॉटन, जॉन ओकीफ आणि कॅरोल बार्न्स यांनी दोन तारा जवळजवळ ठेवून ऐकण्याची युक्ती काढली. पुढे १९९३ पर्यंत चार तारांची जुडी वापरात आली. यामागचे तत्त्व तुम्हांला लगेच कळेल. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपल्याला दोन कानांमुळे समजते. तसेच एखाद्या पेशीचा स्पंद पहिल्या तारेला मोठा आणि तिसऱ्या तारेला लहान दिसतो, तर दुसऱ्या पेशीचा उलट. चार तारांवरील उंचींचा हा मेळ म्हणजे त्या पेशीची जणू ओळखखूण होय.

आणि आता? २०१७ साली 'न्यूरोपिक्सल्स' नावाची सिलिकॉनची सुई जगापुढे आली. तिचा दांडा सुमारे एक सेंटिमीटर लांब आणि ७० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे जवळपास केसाइतका. त्यावर ९६० जागा, आणि त्यांपैकी ३८४ जागांवरून एकाच वेळी ऐकता येते. प्रत्येक जागेवरून सेकंदाला ३०,००० वेळा विद्युतदाब मोजला जातो. वही घ्या आणि गुणाकार करा. ३८४ गुणिले ३०,००० म्हणजे सेकंदाला एक कोटी पंधरा लाख आकडे! एका तासात चार हजार कोटींहून अधिक. प्रत्येक आकड्याला दोन बाइट जागा धरली, तर तासाभराच्या नोंदीला ८० गिगाबाइटहून जास्त जागा लागते. हा सारा गलका आहे. त्यातून कोणता स्पंद कोणत्या पेशीचा, हे वेचून काढायचे आहे.

या वेचण्याला आपण स्पंद-निवड म्हणू. घरी आजी सुपात धान्य घेऊन निवडायला बसते, तसेच हे काम. फरक इतकाच, की इथे खडे आणि दाणे अशी दोनच जात नसून शेकडो जातींचे दाणे आहेत आणि प्रत्येक जातीचा वेगळा ढीग करायचा आहे.

हे काम साधारण चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीत संथ लहरी आणि यंत्राची घरघर गाळून टाकतात. दुसरीत, ठरावीक मर्यादेपलीकडे उसळलेले सारे स्पंद टिपतात. तिसरीत प्रत्येक स्पंदाचा आकार काही थोड्या आकड्यांत मांडतात: उंची किती, रुंदी किती, कोणत्या तारेवर सर्वांत मोठा. चौथ्या पायरीत हे आकडे आलेखावर बिंदू म्हणून मांडले, की बिंदूंचे पुंजके दिसू लागतात. एक पुंजका म्हणजे एक पेशी, असे धरायचे.

पुंजके कसे ओळखायचे, यासाठी किती विविध कल्पना लढवल्या आहेत पाहा! पदार्थविज्ञान शिकवणारा म्हणून मला त्यांतली एक विशेष आवडते. २००४ साली रोड्रिगो कियान किरोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकांच्या सिद्धांताचा उपयोग केला. प्रत्येक स्पंद म्हणजे एक इवलासा चुंबक आहे असे मानायचे. एकमेकांसारखे दिसणारे चुंबक एकमेकांना धरून ठेवतात. आता गणितातले 'तापमान' वाढवत न्यायचे. फार थंड असताना सारेच एका दिशेला तोंड करून उभे. फार तापले की साराच गोंधळ. मधल्या एका टप्प्यावर मात्र जे खरोखर एका गटाचे आहेत ते एकत्र राहतात आणि गट परस्परांपासून सुटतात. चुंबकाचे शास्त्र मेंदूच्या कामी आले! 'माझा विषय आणि तुझा विषय' अशा भिंती बांधणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

मग निवड बरोबर झाली की नाही, हे तपासायचे कसे? एक साधी परीक्षा आहे. एकदा स्पंद दिल्यावर चेतापेशीला एक-दोन मिलिसेकंद विसावा लागतो. तेवढ्या वेळात ती पुन्हा स्पंद देऊ शकत नाही. एखाद्या ढिगात अर्ध्या मिलिसेकंदाच्या अंतराने आलेले स्पंद वारंवार सापडले, तर समजावे की ढिगात दोन पेशींची सरमिसळ झाली आहे. माणूस एका श्वासात दोन ठिकाणी बोलू शकत नाही, तसेच हे.

तुम्ही म्हणाल, "सर, एखादा स्पंद इकडचा तिकडे गेला तर एवढे काय बिघडले?"

बिघडते. जॉन ओकीफ यांनी १९७१ साली उंदराच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, की उंदीर एखाद्या ठरावीक जागी आला की त्या स्पंद देतात. या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता समजा, एक पेशी उंदीर दाराजवळ आला की बोलते आणि तिच्या शेजारची पेशी तो खिडकीजवळ आला की बोलते. निवडताना दोघींचा एकच ढीग झाला, तर कोणी लिहील, "एकच पेशी दोन जागा लक्षात ठेवते!" वाचणारा म्हणेल, केवढा शोध! प्रत्यक्षात तो मेंदूचा गुण नसून निवडीचा दोष असेल.

आणि हा प्रश्न उंदरांपुरता नाही. २००४ साली अमेरिकेत मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत ९६ इलेक्ट्रोडांचा छोटा संच बसवण्यात आला आणि केवळ हात हलवण्याच्या विचाराने त्याने संगणकाच्या पडद्यावरील खूण हलवली. अशी काही यंत्रे पेशी वेगवेगळ्या न करताही काम भागवतात. पण कोणत्याही पद्धतीत मेंदूतला गलका आणि पडद्यावरची हालचाल यांच्या मधोमध कोणता तरी नियम बसलेला असतोच. ज्याच्या डोक्यात ते यंत्र आहे, त्याला किंवा त्याच्या डॉक्टरला तो नियम विचारण्याचा हक्क नसावा काय?

पूर्वी ही निवड माणसे हाताने करीत. संगणकाच्या पडद्यावर बिंदू पाहायचे आणि पुंजक्याभोवती रेघ ओढायची. २००० साली अमेरिकेत केनेथ हॅरिस, ग्यॉर्गी बुझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची परीक्षा घेतली. त्यांनी एका पेशीच्या आत काचेचे इलेक्ट्रोड घालून तिचे खरे स्पंद नोंदवले आणि त्याच वेळी बाहेरून चार तारांनीही ऐकले. म्हणजे उत्तरपत्रिकेबरोबर खरे उत्तरही हाती! हाताने केलेल्या निवडीत चूक शून्यापासून ३० टक्क्यांपर्यंत आढळली. त्याच आकड्यांतून गणिताने चांगल्यात चांगली निवड केली असती, तर चूक शून्य ते ८ टक्के राहिली असती. माणसाचा डोळा हुशार खरा, पण तो थकतो. सकाळी ओढलेली रेघ आणि संध्याकाळी ओढलेली रेघ सारखी येत नाही. आणि ३८४ जागांच्या नोंदीपुढे तर हाताचे काम चालणारच नाही.

म्हणून काम संगणकाच्या आज्ञावलींकडे गेले. यांतल्या बऱ्याच आज्ञावली मुक्त आहेत. मुक्त म्हणजे नुसती फुकट नव्हे. तिच्यातील प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि बदललेली आज्ञावली दुसऱ्याला देता येते. २०१६ साली मारियस पाकितारियू यांची 'किलोसॉर्ट' आली. ती प्रत्येक पेशीच्या स्पंदाचा साचा बनवते आणि नोंदीतून तो साचा वजा करत जाते. त्यामुळे दोन स्पंद एकमेकांवर चढलेले असले तरी सुटे करता येतात. मेंदू सुईच्या तुलनेत किंचित सरकला, तर पेशीचा आकार बदललेला दिसतो. त्यालाही तोंड देण्याची सोय नंतरच्या आवृत्त्यांत केली. अमेरिकेतून 'माऊंटनसॉर्ट' आली, पॅरिसहून 'स्पायकिंग सर्कस' आली. आणि २०२० साली 'स्पाईकइंटरफेस' नावाची एक मुक्त चौकट प्रसिद्ध झाली, जिच्यात निरनिराळ्या आज्ञावली एकाच नोंदीवर चालवून त्यांची उत्तरे शेजारी शेजारी मांडता येतात.

आणि शेजारी मांडल्यावर काय दिसले? उंदराच्या मेंदूतील एकच नोंद सहा आज्ञावलींना दिली. सहाही जणींना एकमताने सापडलेल्या पेशी फारच थोड्या निघाल्या. पुष्कळ 'पेशी' तर एकट्याच आज्ञावलीला दिसल्या होत्या! मग संगणकाने बनवलेली, खरे उत्तर आधीच माहीत असलेली नोंद घेऊन ताडून पाहिले. एकीलाच दिसलेल्या पेशी बहुतेक करून खोट्या निघाल्या. दोघी-तिघींना दिसलेल्या बहुतेक खऱ्या.

हे वाचून कोणी म्हणेल, "शास्त्रज्ञांचे आपापसांतच जुळत नाही, मग विश्वास कोणावर ठेवायचा?" माझे मत अगदी उलट आहे. जुळत नाही हे कळले, हीच विश्वासाची सुरुवात आहे. या सहा आज्ञावली सहा कुलूपबंद पेट्या असत्या, तर प्रत्येक प्रयोगशाळा आपापली पेटी चालवून आपापले उत्तर खरे मानत बसली असती. मतभेद तेव्हाही असताच, फक्त कोणाला दिसला नसता. त्याच वर्षी 'स्पाईकफॉरेस्ट' या नावाने, खरे उत्तर माहीत असलेल्या ६५० नोंदी एकत्र करून दहा आज्ञावलींची जाहीर परीक्षा घेतली गेली. प्रश्नपत्रिका उघडी, उत्तरे उघडी, गुणही उघडे. परीक्षा असावी तर अशी!

मी हे पोटतिडकीने का सांगतो, त्यालाही कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात गरम पाणी निवत असताना त्याचे तापमान नोंदवणारे एक यंत्र घेतले. सोबत आज्ञावली होती, आणि आलेख असा सुरेख निघे की आम्ही सारे खूष. एक दिवस एका विद्यार्थिनीने शेजारी साधा तापमापक ठेवून हाताने नोंदी केल्या. ती म्हणाली, "सर, माझे बिंदू वर-खाली होतात. यंत्राचे मात्र एकही बिंदू रेषा सोडत नाहीत. असे कसे?" मी वारंवार पडताळले. तिचे बरोबर होते. आज्ञावली आम्हांला दाखवण्यापूर्वी आकड्यांना इस्त्री करीत होती! किती आणि कोणत्या नियमाने, हे कळायला मार्ग नव्हता. विक्रेत्याला पत्र लिहिले, तर ते गुपित असल्याचे उत्तर आले. पुढे तो संगणक बिघडला. नव्या संगणकावर आज्ञावली चालेना. नवी विकत घ्या असे सांगण्यात आले. तीन तुकड्यांच्या नोंदी अजून त्या जुन्या तबकडीत पडून आहेत. आकडे आमचे, घाम आमचा, किल्ली दुसऱ्याची.

तेव्हापासून मी एक गोष्ट मानतो. मोजणाऱ्या यंत्राइतकीच आज्ञावली हेही उपकरणच आहे. व्हर्नियरची शून्यत्रुटी तपासल्याशिवाय वाचन घेऊ नका, असे आम्ही तुम्हांला पहिल्याच तासाला सांगतो. मग ज्याची शून्यत्रुटी पाहूच दिली जात नाही, त्या उपकरणावर भरवसा कसा ठेवायचा?

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुक्त म्हणजे बिनचूक नव्हे. स्पंद-निवडीच्या आज्ञावलीत मर्यादा ठरवणारे कितीतरी आकडे असतात. ते जसेच्या तसे ठेवून कळ दाबणाऱ्याला मुक्त आज्ञावलीही चुकीचे उत्तर देईल. दुसरे असे, की 'किलोसॉर्ट'च्या आरंभीच्या आवृत्त्या 'मॅटलॅब' या विकत घ्याव्या लागणाऱ्या आज्ञावलीत चालत. म्हणजे घर उघडे, पण फाटकावर तिकीट! २०२४ साली प्रसिद्ध झालेली चौथी आवृत्ती पायथॉन या मुक्त भाषेत आहे, ही समाधानाची गोष्ट. तिसरे, मोठ्या नोंदींसाठी महागडे संगणक लागतातच. आणि आज्ञावलीची देखभाल करणाऱ्यांना पोट असते. त्यांना विद्यापीठांनी व सरकारांनी पगार दिला नाही, तर चांगली आज्ञावलीही पडक्या विहिरीसारखी होते. सर्वांसाठी खुली, पण पाणी पिण्याजोगे नाही.

कोणी असेही म्हणतात, की एखादी कंपनी निदान जबाबदारी तरी घेते. घेत असेल तर चांगलेच. कंपनीने श्रमाचे पैसे जरूर घ्यावेत. पण नियम लपवण्याचे पैसे विज्ञानाने देऊ नयेत. अगदीच लपवायचा असेल, तर निदान जाहीर परीक्षेला तरी बसावे.

आता तुमच्यासाठी काम. दोन वेगवेगळ्या चिंचेच्या झाडांचे तीस-तीस चिंचोके आणा. एका मित्राला सांगा, की प्रत्येकावर शाईने क्रमांक घाल आणि कोणता कोणत्या झाडाचा ते एका कागदावर लिहून कागद पाकिटात बंद कर. चिंचोके कालवा. व्हर्नियरने प्रत्येकाची लांबी आणि रुंदी मोजा. आलेखाच्या कागदावर साठ बिंदू मांडा. आता दोघांनी, एकमेकांचे न पाहता, पुंजक्यांभोवती रेघा ओढाव्यात आणि आपण रेघ तिथेच का ओढली हा नियम वाक्यात लिहावा. दोघांचे किती चिंचोक्यांबाबत पटत नाही ते मोजा. मगच पाकीट उघडा.

माझ्या अकरावीच्या वर्गात हे केले, तेव्हा एक गंमत झाली. ज्याची निवड जास्त चुकली होती, त्या मुलाने आपला नियम स्वच्छ लिहिला होता. म्हणून त्याची चूक कुठे झाली ते साऱ्या वर्गाला पाच मिनिटांत सापडले आणि नियम सुधारता आला. जिची निवड जास्त बरोबर आली होती, तिने नियमाऐवजी एवढेच लिहिले होते: "मला तसे वाटले." तिचे यश दुसऱ्या कोणाच्या उपयोगाला आले नाही. ती स्वतःसुद्धा दुसऱ्या दिवशी तशी रेघ पुन्हा ओढू शकली नाही.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. हा प्रयोग एका तासात होतो आणि खर्च शून्य. नंतर ज्यांच्या शाळेत संगणक आहे त्यांनी हेच साठ बिंदू वेगळे करणारी आठ-दहा ओळींची आज्ञावली मुलांकडून लिहून घ्यावी आणि ती फळ्यावर सर्वांसमोर वाचावी. मोठ्या वर्गांतल्या मुलांना सांगावे, की सिअ‍ॅटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने २०१९ साली उंदरांच्या मेंदूतील न्यूरोपिक्सल्सच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. नोंदी खुल्या, आज्ञावली खुल्या. तालुक्याच्या गावातली मुलगीही त्या उतरवून घेऊन विचारू शकते, "ही एकच पेशी कशावरून? यात दोघी तर नाहीत ना?" हा प्रश्न विचारायला सुई लागत नाही, उंदीर लागत नाही, मोठ्या शहरातली प्रयोगशाळाही लागत नाही. नियम मात्र वाचता आला पाहिजे.

तेव्हा मित्रहो, यापुढे यंत्राने सांगितलेले कोणतेही उत्तर वाचाल, मग ते मेंदूचे असो, हवेचे असो की तुमच्या रक्ततपासणीचे, तेव्हा उत्तर काय आले हे विचारून थांबू नका. ते कोणत्या नियमाने आले आणि तो नियम मला पाहता येईल का, हेही विचारा. चिंचोक्यांचे तुमचे उत्तर काय आले, किती जणांचे पटले नाही, ते आम्हांला जरूर कळवा. आणि हो, नियम लिहायला विसरू नका!